एक खाते, एक माणूस

गेल्या वर्षी जानेवारीत मी नववीत होतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये दुपारचा तास होता आणि इतिहासाच्या प्रकल्पासाठी मला माधवराव सप्रे यांच्याविषयी लिहायचे होते. सप्रे यांचे आमच्या रायपूरशी जवळचे नाते. या मराठी माणसाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे समर्थांचा ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून मी त्यांच्यावरची सात-आठ पाने बुकमार्क करून ठेवली होती. ती लॅबमध्ये मिळावीत म्हणून मी ब्राउझरमध्ये माझ्या खात्याने लॉग-इन केले. ‘सिंक चालू करायचे का?’ असा प्रश्न आला. मी ‘होय’ दाबले. असल्या प्रश्नांना आपण सगळे ‘होय’च दाबतो.

बुकमार्क आले. मग ‘गीतारहस्य’ शोधायचे म्हणून मी ‘ग’ टाइप केला, आणि पुढची अक्षरे टाइप करायच्या आधीच खाली यादी उघडली. ‘गले में गांठ कैंसर होती है क्या’. ‘गांठ की एफएनएसी में दर्द’. ‘गांठ का ऑपरेशन कितने दिन’.

शेजारच्या मशीनवर बसलेल्या माझ्या मित्राने ते माझ्याबरोबरच वाचले. तो हळूच म्हणाला, “काय रे, घरी कोण आजारी आहे?”

मला माहीत नव्हते.

मी हिस्ट्री उघडली. अकरा दिवसांपासून हे शोध चालू होते. बहुतेक रात्रीचे. एकाची वेळ १ वाजून १० मिनिटे होती. त्यात टाटीबंधच्या एम्सच्या ओपीडीच्या वेळाही होत्या. हिंदीत शोधणारी आणि रात्री जागी राहणारी घरात एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आई.

तो मंगळवार होता. घरी फोन करायचा आमचा दिवस रविवार. हाउस मास्टरांकडे जाऊन परवानगी मागता आली असती, पण काय सांगून मागायची, हेच मला सुचेना. पाच दिवस मी पी.टी. केली, मेसमध्ये जेवलो, प्रेपला बसलो आणि कुणाशी काही बोललो नाही. रविवारी फोन लागला तसे मी विचारले, “आई, तुझ्या गळ्याला काय झालंय?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आई म्हणाली, “तुला कोणी सांगितलं? ताईने?”

“तुझ्याच फोनने.”

“तू माझा फोन बघतोस?” आई आधी रागावली, मग रडली, आणि मग फोन बाबांनी घेतला. वार्षिक परीक्षा झाल्यावर मला सांगायचे असे त्यांचे ठरले होते. दोन आठवड्यांनी अहवाल आला. गाठ साधी निघाली. आई आज ठीक आहे, म्हणून मी हे लिहू शकतो आहे. लिहिण्यापूर्वी तिची परवानगी घेतली आहे. ती का घेतली, ते पुढे येईलच.

हे घडले कसे, याचे उत्तर २०२० मध्ये आहे. लॉकडाऊन लागला तेव्हा मी पाचवीत होतो आणि वर्ग ऑनलाइन सुरू झाले. घरात दोन स्मार्टफोन. बाबांना लॉकडाऊनमध्येही ड्युटी होती, त्यामुळे त्यांचा फोन त्यांच्याबरोबर जायचा. माझे वर्ग आईच्या फोनवर भरायचे. वर्गात जायला ई-मेल खाते हवे होते. मी दहा वर्षांचा. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचे खाते स्वतः सांभाळता येत नाही. म्हणून बाबांनी नाव माझे टाकले आणि जन्मवर्ष स्वतःचे. त्या खात्याच्या लेखी मी आज पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे.

२०२१ मध्ये मी सहावीत इथे आलो. फोन आईकडे राहिला आणि फोनमध्ये माझे खाते राहिले. आईने वेगळे खाते काढलेच नाही, कारण फोन नीट चालत होता. तेव्हापासून तिने जे काही शोधले आणि ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणत जे पासवर्ड ठेवले, ते सगळे माझ्या नावावर साठत गेले. अनरशांची कृती, विजेचे बिल, गॅसचे बुकिंग, बँक, आणि शेवटी गळ्यातली गाठ.

सिंक म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांना साधारण माहीत असते, पण साधारणच. बुकमार्क, हिस्ट्री, सेव्ह केलेले पासवर्ड, पत्ते, कार्डांचे तपशील, उघडे टॅब ही ब्राउझरची वही समजा. सिंक चालू केले की या वहीची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि त्या खात्याने जिथे जिथे लॉग-इन केले असेल तिथे तिथे तीच वही उघडते. एका ठिकाणी लिहिले की सगळीकडे उमटते. एका ठिकाणी खोडले की सगळीकडे खोडले जाते. फोन आणि कॉम्प्युटर किती आहेत, याला महत्त्व नाही. वही एकच आहे.

वही दोन्ही बाजूंनी लिहिली जाते, हे मला आणखी एका आठवड्याने कळले. त्या मंगळवारी घंटा झाली तशी मी ब्राउझरची खिडकी बंद करून फॉल-इनला पळालो होतो. खिडकी बंद केली म्हणजे आपण बाहेर पडलो, असे मला वाटत होते. तसे नसते. माझे खाते त्या मशीनवर उघडेच राहिले, आणि नंतर त्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक ज्युनियर माझ्या नावाने, म्हणजे खरे तर आईच्या फोनवर, लिहीत राहिला. पुढच्या रविवारी फोनवर आईचे पहिले वाक्य होते, “तुझी उंची पुरेशी आहे रे, औषधं-बिवषधं घेऊ नकोस!” कुणीतरी उंची वाढवण्याचे उपाय शोधले होते. कुणी सपाट तळव्यांमुळे एनडीएच्या मेडिकलमध्ये बाद करतात का, ते पाहिले होते. क्रिकेटचा स्कोर तर रोजचाच होता. ते कोण, हे मला माहीत नाही आणि विचारायचेही नाही. पण त्या मुलांची मनातली काळजी माझ्या आईने रायपूरमध्ये बसून वाचली, आणि त्यांना ते अजूनही ठाऊक नसेल.

त्याच मशीनवर आईचा बँकेचा पासवर्डही होता. तो कुणी पाहिला नाही, किंवा पाहिला असेल तर वापरला नाही. याचे श्रेय आपल्या शाळेतल्या मुलांना जाते, मला नाही.

सिंक वाईट आहे, असे माझे मत नाही. त्याने त्या दिवशी सांगितलेले काम चोख केले. चूक अशी की एका खात्यात दोन माणसे राहत होती आणि त्यातल्या एकाने तिसऱ्याच जागी दार उघडून दिले. म्हणून माझे म्हणणे एका ओळीचे आहे : एक खाते, एक माणूस; आणि जे यंत्र आपले नाही, त्यावर सिंक नाही.

हा प्रश्न फक्त घरगुती फोनांचा आणि शाळकरी मुलांचा आहे, असे कुणाला वाटेल. सुट्टीत शोधले तेव्हा मला दिसले की मोठमोठ्या कंपन्यांतही हेच घडले आहे. ‘ऑक्टा’ ही अमेरिकी कंपनी इतर कंपन्यांना लॉग-इनची सुरक्षा विकते. म्हणजे कुलपे हाच तिचा धंदा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्याच ग्राहक-मदत विभागात चोर शिरल्याचे उघड झाले. कंपनीने नोव्हेंबरमध्ये जाहीर केले की तिच्या एका कर्मचाऱ्याने कार्यालयाच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये आपले वैयक्तिक गूगल खाते उघडले होते आणि कामाच्या एका खात्याचा पासवर्ड त्या वैयक्तिक खात्यात सेव्ह झाला होता. ते वैयक्तिक खाते किंवा त्याचे वैयक्तिक उपकरण फोडून पासवर्ड बाहेर गेला असावा, हीच कंपनीच्या मते सर्वांत संभाव्य वाट होती. १३४ ग्राहकांच्या फायली परक्यांच्या हाती लागल्या.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, ‘सिस्को’ या कंपनीत असेच झाले होते. आपल्या लॅबच्या नेटवर्कच्या पेट्यांवर जिचे नाव वाचायला मिळू शकते, तीच ही कंपनी. तिथल्या एका कर्मचाऱ्याने क्रोममध्ये पासवर्डांचे सिंक चालू ठेवले होते आणि त्यात कंपनीचा पासवर्डही होता. हल्लेखोरांनी कंपनीच्या दारावर धडक मारलीच नाही. त्यांनी त्या कर्मचाऱ्याचे वैयक्तिक गूगल खाते ताब्यात घेतले. दुसरे कुलूप म्हणून फोनवर मंजुरी मागितली जात होती. ती मिळवण्यासाठी त्यांनी बतावणी करून फोन केले आणि मंजुरीच्या सूचनांचा मारा चालू ठेवला. शेवटी एक सूचना मंजूर झाली. किल्ला समोरून अभेद्य असला तरी कुणाच्या तरी घरून आलेली वाट आत जात होती.

आपल्यापैकी पुष्कळांना वर्दीत जायचे आहे, म्हणून तिसरे उदाहरण वर्दीचेच देतो. ते ब्राउझरचे नाही, पण सिंकचेच आहे. धावताना मनगटावर घड्याळ बांधायचे आणि किती धावलो ते ‘स्ट्राव्हा’ नावाच्या ॲपवर चढवायचे, ही जगभरच्या सैनिकांची सवय. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या कंपनीने सगळ्यांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर या २० वर्षांच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की वाळवंटात, जिथे काहीच असायला नको, तिथे नकाशावर उजळलेल्या रेषा दिसत आहेत. ते लष्करी तळ होते. सैनिक तळाला फेऱ्या मारत होते आणि घड्याळ त्या फेऱ्या जगाला सांगत होते. एकाही सैनिकाने गुपित फोडले नव्हते. त्यांनी फक्त सिंक बंद केले नव्हते.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप मी ऐकले, त्यांकडे वळतो.

पहिला आक्षेप काही सरांचा. ते म्हणतात, मग बंदच करा ना सगळे. जुलै २०२० मध्ये भारतीय सेनेने अधिकारी-जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितले होते, हे उदाहरण ते देतात. सेवेत असताना तो आदेश पाळायचाच, यात वाद नाही. पण कॅडेटला फक्त ‘बंद’ शिकवले तर त्याला सांभाळणे येत नाही. शाळेत फोनवर बंदी आहे आणि ती योग्यही आहे, तरी माझा घोटाळा शाळेच्या लॅबमध्येच झाला. शिवाय सिंकचा उपयोग खरा आहे. कार्तिक पौर्णिमेला महादेवघाटाच्या मेळ्यात बाबांचा फोन खारून नदीत गेला. नवा फोन घेऊन त्यांनी त्यांच्या खात्याने लॉग-इन केले आणि तासाभरात त्यांचे बुकमार्क व पासवर्ड परत आले. सिंक नसते तर बाबा अजून पासवर्ड आठवत बसले असते. घोड्याला लगाम घालायला शिकवतात, तबेल्याला कुलूप लावून कुणी घोडेस्वार होत नाही.

दुसरा आक्षेप मित्रांचा. “आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” आईकडेही लपवण्यासारखे, म्हणजे लाज वाटण्यासारखे, काही नव्हते. तिच्या गळ्यात गाठ होती, हा काही गुन्हा नाही. पण ती गोष्ट कुणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हे ठरवणे तिचे काम होते. ते तिच्या हातून गेले. मला ते आईच्या तोंडून, तिचा हात धरून कळायला हवे होते. ते मला पडद्यावरच्या यादीतून, मित्राच्या समोर, घरापासून दूर कळले. खासगीपण म्हणजे पाप झाकायची चादर, असे समजणाऱ्यांना मी एवढेच सांगेन. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. ती याचिका करणारे स्वतः निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना काही लपवायचे होते, असे कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो सर्वांत अवघड. मुलगा वसतिगृहात, सुट्टीत हातात फोन. तो काय पाहतो ते कळायला नको का? म्हणून काही पालक मुलाचे खाते आपल्या फोनमध्ये मुद्दाम उघडे ठेवतात. माझ्या वर्गातल्या दोघांना हे उशिरा कळले, आणि त्यानंतर ते घरी कमी बोलू लागले.

पालकांना काळजी वाटते, ती वाटायलाच हवी. कायद्यानेही आम्ही मुलेच आहोत : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पण माझी विनंती आहे की पाहायचे तर सांगून पाहा. आमच्या डॉर्मिटरीत किट तपासणी होते. कधी अचानकही होते. पण ती आम्ही पेटीजवळ उभे असताना होते. आम्ही झोपलो असताना कुणी पेटी उघडली तर तिला तपासणी म्हणत नाहीत. लहान मुलासाठी पालकांनी फोनमध्ये मर्यादा घालाव्यात, वेळ ठरवून द्यावी. ते उघड असते आणि मुलाला माहीत असते. चोरून हिस्ट्री वाचली की मूल सुधारत नाही, फक्त दुसऱ्या फोनवर शोधू लागते.

आणि हाच नियम मला स्वतःलाही लागू आहे. त्या मंगळवारी पहिल्या तीन ओळी मला अपघाताने दिसल्या. अकरा दिवसांची हिस्ट्री मात्र मी मुद्दाम उघडून वाचली. काळजीपोटीच वाचली, पण पालकही काळजीपोटीच वाचतात. आईने विचारले, “तू माझा फोन बघतोस?” तेव्हा मला वाटले होते की माझे काहीच चुकले नाही. आता तसे वाटत नाही. म्हणूनच हा लेख लिहिण्यापूर्वी मी तिला विचारले. ती म्हणाली, “लिही, पण गाठ साधी निघाली, हेही लिही.”

मत मांडून थांबणे बरोबर नाही, म्हणून करायच्या गोष्टी लिहितो. मी स्वतः या केल्या आहेत.

१. लॅबमध्ये ब्राउझर ‘गेस्ट’ म्हणून उघडा. क्रोममध्ये गेस्ट खिडकी बंद केली की त्यातली हिस्ट्री व लॉग-इन त्या मशीनवर राहत नाहीत. ‘इन्कॉग्निटो’नेही हिस्ट्री साठत नाही, पण शाळेच्या नेटवर्कला आणि वेबसाइटला तुम्ही दिसताच, हे लक्षात ठेवा.

२. फक्त मेल पाहायची असेल तर मेलमध्ये लॉग-इन करा, ब्राउझरमध्ये नको. ‘सिंक चालू करायचे का?’ विचारले तर ‘नको’ म्हणा. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ यालाही ‘नको’.

३. उठण्यापूर्वी साइन आउट करा आणि ‘या कॉम्प्युटरवरची माहितीही पुसायची का?’ असे विचारले तर ‘होय’ म्हणा. खिडकी बंद करणे म्हणजे साइन आउट नव्हे.

४. विसरलात तर घाबरू नका. आपल्या खात्याच्या सुरक्षा विभागात, खाते कुठे कुठे उघडे आहे त्या उपकरणांची यादी असते. दुसऱ्या कोणत्याही फोनवरून तिथे जाऊन अनोळखी उपकरण बाहेर काढता येते. नंतर पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

५. स्वतःच्या फोनवरही सगळेच सिंक करायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये बुकमार्क, हिस्ट्री, पासवर्ड असे वेगवेगळे खटके असतात. मी बुकमार्क चालू ठेवले, हिस्ट्री बंद केली.

६. पुसताना क्रम सांभाळा. सिंक चालू असताना हिस्ट्री पुसली तर ती खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जाते. आधी सिंक बंद करून पुसली तर ती फक्त त्या एका ठिकाणची जाते, बाकीकडे तशीच राहते. आणि नुसते सिंक बंद केल्याने सर्व्हरवरची जुनी प्रत पुसली जात नाही; ती खात्यात जाऊन वेगळी पुसावी लागते.

७. सर्व्हरवरची प्रत कंपनीलाही वाचता येऊ नये असे वाटत असेल तर क्रोममध्ये स्वतःचा वेगळा सांकेतिक शब्द लावता येतो. फायरफॉक्स तर सिंकची माहिती तुमच्याच उपकरणावर कुलूपबंद करून मग पाठवतो. पण तो शब्द विसरलात तर कंपनीही ती माहिती उघडून देऊ शकत नाही, हे समजून लावा.

शाळेकडे माझी एकच मागणी आहे. लॅबचे ब्राउझर गेस्ट म्हणूनच उघडतील, अशी व्यवस्था करावी. ते जमेपर्यंत तास संपायच्या आधीची दोन मिनिटे साइन आउटसाठी ठेवावीत. गार्ड बदलताना आपण पोस्ट अशीच सोडून जात नाही. चार्ज देतो, घेणारा तपासतो, मग हलतो. लॅबची खुर्चीही पोस्टच आहे. मागून येणाऱ्या ज्युनियरने पडदा पाहावा आणि कुणाचे खाते उघडे दिसले तर न वाचता बंद करावे. ‘न वाचता’ हे त्या ड्रिलमधले सर्वांत कठीण आज्ञापालन असेल, हे मी अनुभवाने सांगतो.

या दिवाळीत आम्ही तात्यापाऱ्यात आजीकडे होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी आईचा फोन घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिच्या नावाने, तिच्या खऱ्या जन्मतारखेने नवे खाते काढले. पासवर्ड तिने स्वतः टाइप केला. मी तोंड फिरवून बसलो. मग बँकेपासून गॅसपर्यंत एकेक जुना पासवर्ड तिने बदलला, आणि माझे खाते तिच्या फोनमधून निघाले. या सगळ्याला तीन तास लागले, कारण मध्ये दोनदा पाहुणे आले. संपल्यावर आई म्हणाली, “आता मी काय शोधते ते तुला कळणार नाही.” मी म्हणालो, “आता तू सांगशील.” ती म्हणाली, “आणि तूही.”

आजी इतका वेळ ऐकत होती. तिने आपला फोन पुढे केला आणि विचारले, “मग यात कोणाचं खातं आहे रे?”

पाहिले तर ताईचे होते. ताई बंगळूरला नोकरी करते. तीन वर्षे आजीची भजने आणि गुडघेदुखीचे उपाय तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उमटत होते, आणि ऑक्टाच्या त्या कर्मचाऱ्यासारखे ताईचेही खाते दोन घरांत उघडे होते. ताईला वाटायचे, हल्ली जाहिराती अशा का येतात?

तुमच्याही घरी बघा. या सुट्टीत घरी गेल्यावर सर्वांचे फोन एकदा समोर ठेवा आणि आजीने विचारला तोच प्रश्न विचारा. उत्तर ऐकून हसू येईल, नाहीतर धक्का बसेल. पण ते घरात कळलेले बरे. लॅबमध्ये, मित्राच्या समोर, ‘ग’ टाइप करताना कळण्यापेक्षा केव्हाही बरे.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी